सोजरबाईच्या गाठी

विकासभाऊ हॉटेलवाल्याने सोजरबाईच्या ओसरीत बसून चहा संपवला आणि मग मुद्द्यावर आला. मालेगावातून वाशीमला जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं नवं गार्डन हॉटेल दसऱ्याला सुरू होणार होतं. दारातच, गल्ल्याच्या शेजारी, त्याला गणेशभाऊंची व्हिडिओ गेमची जुनी पेटी उभी करायची होती. चालू नाही, नुसती उभी. आतलं तारांचं जंजाळ काढून टाकायचं, एक दिवा लावायचा, काचेमागे गणेशभाऊंचा फोटो आणि वर पाटी.

"आपल्या गावची आठवन हाय, काकू," तो म्हणाला. "ज्या हातानं आमचं बालपन चालू ठेवलं, तो हात लोकाईले दिसला पाह्यजे."

सोजरबाई समोर तूर पाखडत बसली होती. त्या हाताचं नाव निघालं आणि तिचं सूप थांबलं.

तिचा मुलगा हरीओम, कृषी केंद्रात बियाण्याच्या पिशव्या विकणारा चाळिशीचा शहाणा माणूस, आधीच हो म्हणून बसला होता. पेटी नऊ वर्षांपासून, म्हणजे त्याचे वडील गणेशभाऊ गेल्यापासून, मधल्या खोलीच्या कोपऱ्यात उभी होती. त्याआधी दुकान बंद पडल्यापासून बारा-तेरा वर्षं ती तिथेच होती. तिच्यावर कधी गोधड्या असायच्या, कधी पापडांचे डबे. हरीओमला ती जागा फ्रीजसाठी हवी होती.

"नेतो तं चालू करून ने," सोजरबाई म्हणाली.

"चालू कोन करीन, माय? बाबा गेले."

"मी करीन."

विकासभाऊ हसला. वाईट हसला नाही, म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्यावर हसतात तसा हसला. ते जास्त झोंबतं. हरीओम मात्र चिडला, कारण पाहुण्यासमोर आईने काहीतरी वेडंवाकडं बोलावं हे त्याला परवडणारं नव्हतं.

"तुले काय समजते त्यातलं? तू तं दुकान झाडाले जात होती."

हे खरंच होतं. अख्ख्या मालेगावाला ठाऊक होतं की गणेशभाऊंची बायको अमावस्येला दुकान झाडायला जाते. अमावस्येला दुकान बंद असायचं. शटर अर्धं खाली, आत बाई, हातात केरसुणी. त्या केरसुणीने तिने काय काय झाडलं, ते मात्र कोणी कधी वाकून पाहिलं नाही.

आता हे सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. गणेश अकोल्याहून रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा कोर्स करून आला होता, सर्टिफिकेट फ्रेममध्ये होतं, माणूस हुशार होता, बोलायला गोड होता. फक्त त्याला लाल आणि हिरवा रंग वेगळा दिसत नव्हता. दोन्ही त्याला सारखेच मातकट. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्याने एका मोठ्या घरचा टीव्ही उघडला, तारांची अदलाबदल केली आणि टीव्हीतून धूर काढला. संध्याकाळी घरी येऊन तो चुलीपुढे बसून रडला. सोजर तेव्हा एकोणीस वर्षांची, सातवी पास. तिने खोदून खोदून विचारलं तेव्हा त्याने सांगितलं आणि लगेच तिचा हात धरला. "कोनाले सांगू नको. रंग न समजनारा मेकॅनिक म्हटलं तं दुकानाची पायरी कोनी चढनार नाही."

तिने सांगितलं नाही. उलट शेजारी बसून ती त्याला रंग सांगू लागली. रेझिस्टरवरचे बारीक पट्टे वाचू लागली. वाचता वाचता कळू लागलं, कळता कळता हात चालू लागला, आणि दोन वर्षांत असं झालं की तो पुस्तकातलं मोठ्याने वाचायचा आणि सोल्डरिंग आयर्न तिच्या हातात असायचं. दुपारी पोरं शाळेत असताना तो बिघडलेला बोर्ड मेथीच्या जुडीखाली झाकून घरी आणायचा. चारच्या आत बोर्ड दुरुस्त होऊन त्याच पिशवीतून परत जायचा. मेथी घरी राहायची.

ब्याण्णव साली त्यांनी बसस्टँडजवळ व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं तेव्हा तर ती कमालच करून बसली. पेटी दुकानात, तारा पेटीत, आणि ऐन खेळात काही बिघडलं तर बायकोला कसं बोलवायचं? तिने आपल्या जुन्या लुगड्यांचे काठ फाडले आणि प्रत्येक तारेला चिंधी बांधली. लाल तारेला एक गाठ, हिरवीला दोन, तपकिरीला तीन. गणेशभाऊ पेटीच्या मागून हात घालायचा, बोटांनी गाठी मोजायचा आणि निसटलेली तार बरोबर जागी बसवायचा. डोळे मात्र समोर, पोरांशी गप्पा चालू. पोरं तोंडात बोट घालायची. गणेशभाऊ न पाहता मशीन दुरुस्त करतो, ही कीर्ती पार मानोरा तालुक्यापर्यंत गेली. गणेश मंडळाने शाल आणि नारळ देऊन त्याचा सत्कार केला. सोजरबाईने त्या नारळाची चटणी केली. सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ली आणि चटणीचं तेवढं कौतुक झालं.

आता ती त्रेसष्ट वर्षांची होती. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता, दुसरा काढायचा होता. विकासभाऊची मोटारसायकल गल्लीबाहेर पडल्यावर तिने सूप भिंतीला लावलं, माळ्यावरून लाकडी खोकं उतरवलं, त्यातून आयर्न आणि पेचकस काढले, आणि पेटीवरच्या गोधड्या उचलून हरीओमच्या बिछान्यावर नेऊन टाकल्या.

"नऊ दिवस हायेत," ती म्हणाली. "दसऱ्याले घेऊन जाय म्हना त्याले. पन मेलेली नाही नेऊ देनार."

तिला काय हवं होतं, ते तिच्या मनात अगदी साफ होतं. पेटी घरात राहिली काय किंवा हॉटेलात गेली काय, तिला फार फरक पडत नव्हता. पण त्या पेटीतलं काम काढून फेकायचं आणि वर ज्याने ते केलं नाही त्याची पाटी लावायची, हे ती जिवंत असताना होणार नव्हतं. नवऱ्याचा तिला राग होता का? होता. माया होती का? तीही होती. तो आयर्न तापायला लावायच्या आधी तिला चहा करून द्यायचा, कपात, स्वतः बशीत घ्यायचा. पण मरेपर्यंत पस्तीस वर्षांत एकदाही चारचौघांत म्हणाला नाही की हे हिने केलं. एकदा, निदान घरच्या लेकराला तरी सांगायचं. तेवढंही त्याच्याने झालं नाही.

पेटीचं मागचं दार उघडलं तेव्हा आत उंदरांचं घरटं होतं, त्यात कापूस, सुतळी आणि हरीओमच्या पाचवीच्या वहीची पानं. निम्म्या तारा कुरतडलेल्या. सोजरबाईने सवयीने आधी पेचकसाला तार बांधून पिक्चर ट्यूबचा करंट जमिनीला उतरवला. वीस वर्षांनी त्यात काय करंट उरला असेल? पण शिकलेली गोष्ट शिकलेली. सून योगिनी अंगणवाडीतून आली आणि पदर खोचून मोबाईलची बॅटरी धरून उभी राहिली. ही एक पोरगी बरी होती, विचारत कमी आणि पाहत जास्त होती.

"मामी, ह्या चिंध्या कायच्या?"

"हायेत कायच्यातरी. उजेड इकडं धर."

कुरतडलेल्या तारा काढून तिने नव्या घातल्या. पहिली लाल तार जोडली आणि नकळत तिचा हात पदराच्या काठाकडे गेला, चिंधी फाडायला. मग थांबला. आता गाठ कोणासाठी बांधायची? ती थोडा वेळ तशीच तार धरून बसली. योगिनीला वाटलं चक्कर आली, तिने पाणी आणलं. सोजरबाई पाणी प्यायली आणि तिने नव्या तारा बिनगाठीच्याच सोडल्या. जुन्या गाठींना मात्र तिने हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी पैसे टाकायची खाच उघडली आणि घरात हसण्याची लाट आली. आत हळदीकुंकवाचा लगदा होऊन दगड झाला होता. त्यात अक्षता, त्यात झेंडूच्या पाकळ्या, आणि सगळ्यात खाली एक नवा बारीक रुपया तिरपा अडकलेला. पेटी घरी आल्यापासून दर दसऱ्याला, विळे, पंप आणि हरीओमच्या गाडीबरोबर सोजरबाईनेच तिची पूजा केली होती. चिमूट चिमूट हळदकुंकू खाचेत, वर एक रुपया. जुने मोठे रुपये सुरळीत खाली पडत गेले. नंतर सरकारने रुपया बारीक केला, तो आत जाऊन तिरपा झाला, आणि पुढची सगळी भक्ती त्याच्यावर साचत गेली.

हरीओम पोट धरून हसला. "पाह्य! तूच बिघडवली, माय. अन् चाल्ली दुरुस्त कराले!"

"मीच बिघडवली," सोजरबाई म्हणाली. "म्हनून तं मीच दुरुस्त करीन. तुह्यानं तं बिघडवनंबी झालं नसतं."

तिने दात घासायच्या ब्रशने आणि रॉकेलने तो दगड विरघळवला. नाण्याने दबणारी बारीक कळ हळदीने पिवळीधम्मक झाली होती, ती काढून वाळवली. शेजारच्या बायका डोकावून गेल्या. एकीने विचारलं, आता या वयात खेळणार का? सोजरबाई म्हणाली, खेळणार, आणि तुला हरवणारही. दुसऱ्या दिवशी ती बाई दारावरून जाताना वळण घेऊन गेली.

पाचव्या दिवशी पेटीला वीज दिली. फ्यूज उडाला. घरातलेही दिवे गेले, हरीओमची मॅच गेली आणि तो जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. सोजरबाईने फ्यूज बदलला, वीजपुरवठ्याच्या डब्यातले सुकलेले कंडेन्सर शोधून बदलले आणि पुन्हा बटण दाबलं. ट्यूब गरम झाली आणि काळ्या काचेच्या मधोमध एकच पांढरी आडवी रेघ उमटली.

"झालं," हरीओम म्हणाला. "सरळ रेघ. गेली बिचारी."

पण सोजरबाईचा चेहरा उजळला होता. ती रेघ तिच्या ओळखीची होती. रेघ आहे म्हणजे ट्यूब जिवंत आहे, फक्त चित्र वर-खाली पसरवणारी आयसी गेली आहे. सकाळी तिने चपला घातल्या, अर्ध्या तिकिटात वाशीम गाठलं आणि टीव्हीच्या पार्टच्या दुकानासमोर उभी राहिली. आयसीचा नंबर तिला तोंडपाठ होता.

दुकानदार तरुण होता. त्याने तिच्या हाताकडे पाहिलं. "चिठ्ठी आनली का आजी? मिस्त्री कोन हाय? फोन लावा त्याले, मी बोलतो."

"मिस्त्री मीच हाय."

चाळीस वर्षांत हे वाक्य तिने पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं. म्हटल्यावर तिला एकदम हलकं वाटलं आणि भीतीही वाटली, की मागे उभी असलेली चार माणसं हसतील. एक हसलाही. सोजरबाई मागे वळली आणि तो हसू आवरेपर्यंत त्याच्याकडे पाहत राहिली. दुकानदाराने निमूट पुडी बांधून दिली. तिने तिथेच पुडी सोडली, आयसी चष्म्याजवळ धरली आणि परत काउंटरवर ठेवली. "हे आवाजाची हाय. मले रेघवाली पाह्यजे. नीट पाहून दे." या वेळी दुकानदाराने नीट पाहून दिली, वर "माफ करजा, आजी" म्हणाला.

आठव्या दिवशी दुपारी तिने आयसी बसवली. खोटं कशाला सांगायचं? पूर्वी एका दमात पडणारा सोल्डरचा थेंब आता तीनदा घसरला. चौथ्यांदा तिने कोपर गुडघ्यावर टेकवलं, श्वास धरला आणि थेंब बरोबर जागी बसवला. योगिनीने बटण दाबलं. रेघ उमटली, फुगली, वर-खाली पसरली, आणि निळ्या आभाळात तीच ती विमानं निघाली, तोच किरकिरा आवाज करत. सोजरबाई खाली बसली आणि पदर डोळ्यांना लावून रडली. मोतीबिंदू काढल्यापासून तिला हिरवं जास्तच हिरवं दिसत होतं. त्या विमानांपैकी एक हिरवं आणि एक लाल होतं. गणेशने ती दोन्ही विमानं जन्मभर एकाच रंगाची पाहिली होती, हे आठवून ती आणखी रडली.

दसऱ्याच्या सकाळी विकासभाऊ पिकअप आणि दोन माणसं घेऊन आला. पाटी रंगवून तयार होती, लाल जमिनीवर पिवळी अक्षरं: 'कै. गणेशभाऊ, मालेगावचे पहिले व्हिडिओ गेम मेकॅनिक'. पेटी चालू पाहून तो दारातच थबकला. मग पोरासारखा धावला, दांडा धरला आणि खेळू लागला. पंचेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला माणूस जिभेचं टोक बाहेर काढून विमानं पाडत होता. त्याचं स्वतःचं तिसरं विमान पडलं, खेळ संपला, तेव्हा तो घाम पुसत म्हणाला, "मानलं बुवा! वीस वर्सं बंद पडून बी चालू झाली. याले म्हनते गणेशभाऊचा हात!"

इथे सोजरबाईने पेटीचं बटण बंद केलं.

"हरीओम, मागचं दार उघड."

आवाज असा होता की हरीओमने उघडलं.

"आत हात घाल. डोये मिट. तार धर. चिंधी हाय का तिले? किती गाठी हायेत?"

"दोन," हरीओम म्हणाला.

"हिरवी हाय ते. दुसरी धर."

"एक गाठ."

"लाल. आता डोये उघड अन् पाह्य. अन् चिंधी पाह्य कायची हाय."

हरीओमने वाकून पाहिलं. चिंधीवर जांभळ्या काठाची रुईफुलं होती. ते लुगडं त्याच्या ओळखीचं होतं. लहानपणी त्याच लुगड्याच्या झोळीत तो झोपला होता. तो सरळ उभा राहिला.

"तुह्या बाबाले लाल-हिरवं दिसत नव्हतं," सोजरबाई म्हणाली. "गाठी त्याच्यासाठी बांधल्या. अमावस्येले मी झाडाले नाही जात होती, दुरुस्त कराले जात होती. अन् टीव्ही, रेडिओ, मंडळाची लायटिंग, सारं घरी ह्याच हातानं झालं. तो न पाहता दुरुस्त करे, कारन पाहून त्याले काही समजत नव्हतं."

विकासभाऊने इकडेतिकडे पाहिलं. पिकअपवरची दोन माणसं दारात येऊन उभी होती. तो हळूच म्हणाला, "काकू, जाऊ द्या नं. गेलेल्या मानसाची इज्जत काहून काढता?"

"त्याची इज्जत मी चाळीस वर्सं सांभाळली," सोजरबाई म्हणाली. तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. "माही कोनं सांभाळली? तुमी मले केरसुनीवाली म्हनलं. ह्या पोट्ट्यानं बी म्हनलं. अन् विक्या, तू तं बोलूच नको. दोरा बांधून रुपया टाके अन् वरून ओढून घेये. तुटलेला दोरा गल्ल्यात सापडे मले. मी त्याले सांगतलं नाही, नाहीतं तुहे कान उपटले असते."

विकासभाऊ लालबुंद झाला. दारातली दोन माणसं जमिनीकडे पाहू लागली. शेवटी विकासभाऊ म्हणाला, "खरं हाय, काकू. पन पाटी तं रंगून झाली. आज उद्घाटन हाय. आता कशी बदलू?"

"मंग पाटी घेऊन जाय," सोजरबाई म्हणाली. "मशीन राहू दे."

त्याने हरीओमकडे पाहिलं. हरीओमने पिकअपचं फळकं वर केलं आणि कडी लावली. पिकअप रिकामं गेलं, पाटी तेवढी आत आडवी पडलेली.

मग हरीओमने, कोणी न सांगता, पेटी ढकलत ढकलत ओसरीत आणली आणि रस्त्याकडे तोंड करून उभी केली. योगिनीने विळे आणि पंप मांडले. सोजरबाईने सगळ्यांना हळदकुंकू लावलं. पेटीला कपाळावर लावलं, खाचेत नाही.

संध्याकाळी लोक सोनं द्यायला आले. आपट्याची पानं हातात घेऊन ओसरीत थबकले, कारण आत विमानं उडत होती आणि सोजरबाई दांडा धरून ती पाडत होती. गावातले वयस्क रामसिंग काका, ज्यांनी सत्काराच्या वेळी स्वतःच्या हाताने गणेशभाऊंच्या खांद्यावर शाल टाकली होती, चष्मा सावरत म्हणाले, "अरे वा! हे कोनं दुरुस्त केलं, हरीओम?"

"मायनं."

"मायनं?" काका हसले. "बरं. पन पह्यले तं गणेशच करे नं?"

हरीओमने आईकडे पाहिलं. ती खेळत होती, मागे वळली नाही, पण तिचा दांड्यावरचा हात थांबला होता आणि पडद्यावर तिचं विमान गोळ्या खात होतं.

"नाही, काका," हरीओम म्हणाला, ओसरीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "पह्यलेपासून मायच करे. बाबा फक्त गाठी मोजत."

काकांनी हातातलं पान चाचपलं आणि पुढे होऊन ते सोजरबाईच्या हातात दिलं. विमान पडलं होतं, खेळ संपला होता. तिने पान कपाळाला लावून पेटीवर ठेवलं.

"खेळाचं असंन तं रुपया लागीन," ती सगळ्यांना म्हणाली. "जुना, मोठा. नवा टाकला तं अडकते."